गंजाखालची अक्षरे

विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा आग्रह मंडळाच्या कार्यकर्त्यांनी धरला तेव्हा आम्ही त्यांना म्हणालो, बाबांनो, आम्ही पेपर मिलमधला माणूस. शिक्षण जेमतेम दहावीपर्यंत. जे काही वाचलं ते वाचनालयात बसून, आणि रद्दीच्या गठ्ठ्यांतून आलेली पुस्तके पाण्यात भिजण्याआधी बाजूला काढून. इतिहासावर आम्ही काय लिहिणार? पण त्याच आठवड्यात एक प्रसंग घडला आणि लिहिणे भाग पडले.

संध्याकाळी वस्तीतला एक कॉलेजात जाणारा मुलगा घरी आला. "काका, जयभीम. हे पाहा न, मामाच्या वावरात सापडलं." रुमालात हिरवीगार, खडबडीत, रुपयाएवढी चकती होती. "मोबाईलवर पाह्यलं मी. लिंबू-मीठ लावून रातभर ठेवलं का चकाचक होते म्हणे. मशीन बी मिळते ऑनलाइन. जमिनीखाली धातू असला का आवाज करते." असे म्हणून तो आमच्या सौभाग्यवतीला लिंबू मागू लागला. आम्ही त्याचा हातच धरला. "बापू, थांब. घासू नको."

आमचा आवाज जरा चढलाच असावा, कारण पोरगं दचकलं. त्याला काय माहीत, की हीच चूक आम्ही त्याच्याच वयात करून बसलो आहोत!

आमच्या हातून झालेली चूक

१९९१ सालचा उन्हाळा. वैनगंगेच्या काठावर आमचे आजोळ. मामाच्या घराचा पाया खोदायला आम्ही चार पोरं लागलो होतो. कमरेएवढं खोदल्यावर कुदळीखाली मातीचं बोळकं फुटलं. आत हिरव्या गोळ्यासारखी, एकमेकांना चिकटलेली नाणी. वीस-बावीस असतील. सगळ्यांना वाटलं, सोनं! मग काय, चिंच आली, राख आली, विटेचा भुगा आला. एकाने सोनाराकडून थोडं तेजाबही आणलं. रात्री कंदिलाच्या उजेडात आम्ही ती नाणी घासघासून काढली.

घासण्याआधी एका नाण्यावर हत्तीची वर उचललेली सोंड दिसली होती. आम्हीच सगळ्यांना दाखवली. कडेला काहीतरी अक्षरांसारखंही होतं. सकाळी पाहतो तर सोंड नाही, अक्षर नाही. लालबुंद, गुळगुळीत तांबूस चकत्या. सोनं नाही म्हटल्यावर पोरांचा उत्साह गेला. काही मोडीत गेल्या, काही खेळण्यात हरवल्या. एक आम्ही जपून ठेवली. पुढे बऱ्याच वर्षांनी इतिहासाच्या एका जाणकार गृहस्थांना ती दाखवली. त्यांनी भिंगाखाली उलटसुलट केली आणि शांतपणे परत दिली. म्हणाले, "यावर आता वाचण्यासारखं काही उरलं नाही." ते रागावले असते तर बरं झालं असतं.

ती नाणी कोणाची होती, कोणत्या काळातली होती, हे आता जगातला कोणीही विद्वान सांगू शकत नाही. वाचक बंधू-भगिनींनो, चोराने नेलेली वस्तू कधीतरी परत मिळू शकते. घासून काढलेले अक्षर परत मिळत नाही.

एका अक्षराची किंमत

कोणी म्हणेल, वीस-बावीस तांब्याच्या नाण्यांचे एवढे काय? तर ऐका.

१९३९ साली त्या वेळच्या अकोला जिल्ह्यात, म्हणजे आजच्या वाशीम जिल्ह्यात, तऱ्हाळा येथे सातवाहन राजांच्या सुमारे १६०० नाण्यांचा साठा सापडला. ही नाणी पोटीनची, म्हणजे तांब्यात शिसे-कथील मिसळून ओतलेल्या हलक्या धातूची. एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती आणि राजाचे नाव, दुसऱ्या बाजूला चार वर्तुळे जोडलेले चिन्ह. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती वाचली. त्यात कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी आणि शक सातकर्णी अशी तीन नावे निघाली, जी पुराणांतल्या राजवंशाच्या याद्यांत नाहीतच! पोथीने जे सांगितले नाही ते मातीतल्या हलक्या नाण्याने सांगितले. समजा, तऱ्हाळ्याच्या त्या शेतात आमच्यासारखी पोरं चिंच आणि राख घेऊन बसली असती तर? तीन राजे इतिहासातून एका रात्रीत पुसले गेले असते आणि कोणाला पत्ताही लागला नसता.

दुसरे उदाहरण नाशिकजवळच्या जोगळटेंभीचे. १९०६ साली तिथे क्षत्रप नहपानाची १३ हजारांवर चांदीची नाणी मिळाली. त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. नहपानाचे राज्य गौतमीपुत्राने जिंकले, याची जणू ती पावतीच. नाण्याच्या पाठीवरचे हे आघात एखाद्या अडाण्याला ठेच लागल्यासारखे दिसले असते आणि तो ते सपाट करायला निघाला असता. याच दोन घराण्यांनी नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत बौद्ध भिक्खूंना दाने दिली आणि तसे लेख कोरले. लेणीवरचा लेख आणि नाण्यावरचा ठसा एकमेकांच्या साक्षीला उभे राहतात, तेव्हा इतिहास पक्का होतो.

आपल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको. आपला इतिहास आपल्याला कोणी पोथीत लिहून दिला नाही. तो दगडावर, विटेवर, मातीच्या भांड्यावर आणि धातूवर राहिला. पवनीच्या टेकडीखाली स्तूप होता हे १९६९-७० च्या उत्खननाने कळले. रामटेकजवळच्या हमलापुरीला वाकाटक काळातल्या कांस्य बुद्धमूर्ती मिळाल्या, त्या नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात आहेत. भद्रावतीची विजासन लेणी तर आपल्या दारातच आहेत. अशा मुलखात जमिनीखालून निघालेली हिरवी चकती म्हणजे कचरा समजायचा नाही.

हा हिरवा थर आहे तरी काय?

पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की कळकते, हे घरातल्या मायमाऊलींना आम्ही सांगायची गरज नाही. आंबट आणि खारट पदार्थ तांब्या-पितळेला खातात, म्हणून तर आपण कल्हई करतो. जमिनीतही हेच होते, फक्त फार सावकाश. ओल, हवा आणि मातीतले क्षार मिळून धातूला हळूहळू पुन्हा मातीकडे नेतात. तांब्यावर आधी लालसर तपकिरी थर बसतो. त्यावर हिरवा, कधी निळसर थर येतो. सर्वांत वर माती आणि खडे चिकटतात.

आता मुख्य गोष्ट, जी आम्हाला १९९१ साली माहीत नव्हती. धातू वरून आत गंजत जातो. दोन हजार वर्षांत नाण्याचा वरचा भाग, जिथे अक्षर आणि चित्र असते, तो सगळाच्या सगळा गंज होऊन जातो. म्हणजे अक्षर धातूत राहिलेलेच नसते. ते गंजाच्या थरातच साच्यासारखे जपलेले असते! चिंचेने तो थर निघाला की अक्षरही निघाले. खाली चमकते ते नाण्याचे उरलेसुरले पोट. त्यावर टाकसाळीने कधी काही लिहिलेच नव्हते. आम्ही घाण काढतो आहोत असे समजलो आणि पानच फाडून टाकले.

लोखंडाचे तसेच. आपल्या विदर्भात लोखंड फार जुने. नागपूर जिल्ह्यात नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात मिळाली. माहुरझरी, टाकळघाट-खापा इथल्या शिळावर्तुळांत लोखंडाची हत्यारे आणि घोड्याचे तांब्याचे अलंकार निघाले. असे लोखंड जमिनीतून निघते तेव्हा फुगलेल्या ढेकळासारखे दिसते. पण कधीकधी कुऱ्हाडीच्या लाकडी दांड्याच्या रेषा किंवा कापडाची वीण त्या गंजातच उमटलेली असते. लाकूड कुजून गेले, कापड गेले, त्यांची खूण गंजाने राखली. आणि आपण पॉलिश पेपर घेऊन बसतो.

बॉयलरचा शत्रू तोच नाण्याचा शत्रू

ऊर्जानगरच्या वाचकांना पुढची गोष्ट आमच्यापेक्षा चांगली समजेल. इथे घरटी एक माणूस पॉवर स्टेशनमध्ये आहे किंवा होता. डीएम प्लांटमध्ये बॉयलरच्या पाण्यातून क्षार का काढून टाकतात? क्लोराइड राहिले तर नळ्या आतून खाल्ल्या जातात म्हणून. आमच्या मिलमध्ये तर ब्लीचिंगच्या विभागात क्लोरीनचा वास लागून पितळी व्हॉल्व्ह कसे हिरवे पडायचे, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

जमिनीतल्या मिठातले हेच क्लोराइड तांब्या-कांस्याच्या पोटात दडून बसते. वस्तू जमिनीत होती तोपर्यंत सगळे सावकाश चालले होते. बाहेर काढली, पावसाळ्याची ओल लागली, की ते जागे होते. हवा, ओल आणि क्लोराइड मिळून आम्ल तयार होते, ते नवा धातू खाते, त्यातून पुन्हा क्लोराइड मोकळे होते आणि पुन्हा खाते. वस्तूवर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी दिसू लागते. याला जाणकार कांस्यरोग म्हणतात. जुना घट्ट गडद हिरवा थर निरोगी समजावा. पण हात लावताच गळणारी फिकट भुकटी दिसली की वस्तू आजारी आहे. मीठ-लिंबाने घासणारा तर हे मीठ स्वतःच्या हाताने आत भरतो! आज चकाचक दिसलेले नाणे दोन पावसाळ्यांत पुन्हा हिरवे होते. लोखंडाला क्लोराइड लागले की त्यावर घामासारखे पिवळट-तांबडे थेंब येतात आणि पापुद्रे सुटतात.

जाणकारही चुकले, पण शिकले

याचा शास्त्रशुद्ध अभ्यास फार जुना नाही. बर्लिनच्या संग्रहालयात १८८८ साली फ्रीडरिख राथगेन या रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक झाली, तिथून संग्रहालयाच्या प्रयोगशाळेची सुरुवात मानतात. आपल्या देशात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने १९१७ साली पुरातत्त्व रसायनतज्ज्ञ नेमला. मोहम्मद सनाउल्लाह हे ते पहिले तज्ज्ञ. त्यांची प्रयोगशाळा पुढे डेहराडूनला गेली. मद्रासच्या सरकारी संग्रहालयात १९३० साली प्रयोगशाळा सुरू झाली. तिथे एस. परमशिवन यांनी विजेच्या प्रवाहाने कांस्यमूर्तींचा गंज काढण्याचे काम केले. लखनौला १९७६ साली यासाठी राष्ट्रीय प्रयोगशाळा निघाली.

सुरुवातीच्या काळात जगभर विजेने, कॉस्टिक आणि जस्ताने गंज पार काढून धातू उघडा करण्याकडे कल होता. मग अनुभवाने कळले की गंजाबरोबर अक्षरे आणि नक्षीही जाते. आज जाणकार माणूस भिंगाखाली वस्तू धरतो आणि बारीक पात्याने, काट्याने माती एकेक कण काढतो. थर कुठे थांबवायचा हे ठरवायला कधी एक्स-रे काढतो, म्हणजे न घासताच आतले अक्षर दिसते. क्लोराइड काढायला वस्तू सोड्याच्या सौम्य द्रावणात आठवडे, कधी महिने ठेवतात आणि पाणी बदलत राहतात. पाण्यात क्लोराइड उतरतेय का, हे सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून पाहतात. पांढरे फुटले तर अजून क्षार आहे. डीएम प्लांटच्या लॅबमधली मंडळी हसतील, कारण हीच परीक्षा ती नोकरीत करत आली! १९६७ पासून तांब्याच्या वस्तूंवर बेन्झोट्रायझोल नावाचे रसायन वापरतात, ते धातूवर पातळ आवरण धरून गंज रोखते. ते शरीराला बरे नव्हे, घरी वापरायचे नाही. शेवटी पारदर्शक लेप देऊन वस्तू कोरड्या हवेत ठेवतात. हे सारे महिनोन्‌महिन्यांचे काम. रात्रभर लिंबात ठेवणाऱ्याने याचा विचार करावा.

सोपाऱ्याची पेटी

आपल्याला जवळची अशी एक हकीकत सांगतो. १८८२ सालच्या एप्रिलमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी मुंबईजवळच्या सोपाऱ्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणून ओळखली जाणारी टेकडी उघडली. तो स्तूप निघाला. आत दगडी पेटी. तिच्यात मधोमध तांब्याचा करंडक आणि भोवती कांस्याच्या आठ बसलेल्या मूर्ती : सात मानुषी बुद्ध आणि मैत्रेय. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात काय होते? मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे! सोन्याने माती जपली होती. सोबत सोन्याची फुले आणि यज्ञ सातकर्णीचे चांदीचे एक नाणे.

त्या नाण्यामुळे स्तूपाचा काळ कळायला आधार मिळाला. आठ मूर्तींची घडण पुष्कळ नंतरची, आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराची दिसते. म्हणजे स्तूप बांधल्यावर कित्येक शतकांनी कोणीतरी उपासकांनी तो उघडून, मूर्ती ठेवून, पुन्हा आदराने बंद केला असावा. हे सगळे कशावरून कळले? कोणती वस्तू कुठे, कशाच्या शेजारी होती याची नोंद पंडितजींनी ठेवली म्हणून. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला. मशीन लावून रात्री उकरणाऱ्याच्या हाती सोने लागले असते, आठ मूर्ती आठ बाजारांत गेल्या असत्या आणि मातीचे तुकडे त्याने तिथेच फेकून दिले असते.

आपण काय करावे

म्हणून आम्ही सांगू इच्छितो की, शेतात, पायात, विहिरीत अशी वस्तू निघाली तर ती धुऊ नका, घासू नका, चिकटलेली नाणी सोडवू नका. जिथे सापडली ती जागा, किती खोल, शेजारी खापर किंवा वीट होती का, हे वहीत लिहा आणि फोटो काढा. वस्तू सावलीत कोरडी होऊ द्या आणि मऊ कागदात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे गुप्तधन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवणाऱ्याला शिक्षा आहे, आणि कळवणाऱ्याचा हक्क कायद्यानेच राखला आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने अशा वस्तूंचा विनापरवाना व्यापार आणि परदेशी विक्री गुन्हा ठरते. इंग्लंडात मशीनवाले हौशी लोक सापडलेल्या वस्तू नोंदवतात, तशी योजना तिथे १९९७ पासून आहे. त्यांचे व्हिडिओ पाहून आपण फक्त मशीन घ्यायचे आणि नोंद विसरायची, हे चालणार नाही. संरक्षित जागेवर परवानगीशिवाय खोदणे तर सरळ सरळ गुन्हा आहे.

त्या मुलासोबत बसून आम्ही अर्ज लिहिला. कोणत्या शेतात, कोणत्या दिवशी, किती खोल. मामाने सही केली. चकती जशी होती तशी, हिरवीच्या हिरवी, डब्यात घालून दिली. तिच्यावर काय निघेल ते निघो. पोरगं जाताना म्हणालं, "काका, चमकली नाही तरी चालते न?" आम्ही म्हटलं, "चालते, बापू. वाचता आली पाहिजे."

शेवटी घरचीच एक गोष्ट. आपल्या विहाराच्या दाराशी पितळी पाटी आहे. विहार उभा राहिला तेव्हा ज्यांनी वर्गणी दिली, त्यांची नावे तिच्यावर कोरली आहेत. कोणी महिन्याच्या पगारातून दिली, कोणा बाईने मोळ्या विकून दिली. दर १४ एप्रिलला आणि बुद्ध पौर्णिमेला आपण मोठ्या श्रद्धेने ती पाटी चिंच आणि पावडरने घासतो. परवा आम्ही चष्मा लावून पाहिली. खालच्या दोन ओळी बोटाने लागतात, डोळ्याने वाचता येत नाहीत. कोणत्याही राजाने त्या पुसल्या नाहीत. आपणच पुसल्या, आपल्याच हाताने, प्रेमाने.

तेव्हा या वर्षीपासून ती पाटी फक्त मऊ कोरड्या फडक्याने पुसावी, आणि जी नावे अजून ठाऊक असणारी म्हातारी माणसे वस्तीत आहेत, त्यांच्याकडून ती आजच वहीत लिहून घ्यावी, अशी मंडळाला आमची नम्र सूचना आहे. वही आम्ही आणून देतो.

जय भीम!